करेलिनचे हात बघा : ग्रीको-रोमन धरलेल्या पोरांसाठी

माझ्या तालमीत जो पोरगा माती सोडून गादीवर येतो आणि ग्रीको-रोमन धरतो, त्याला पहिल्या महिन्यात मी एकच गृहपाठ देतो. अलेक्झांडर करेलिनच्या पाच कुस्त्या पाहायच्या आणि वहीत लिहायचं. कसं पाहायचं ते सांगितलं नाही, तर पोरं काय पाहतात हे मला अनुभवाने माहीत आहे. एकशेतीस किलोचा गडी हवेत गेला, आपटला, “लई भारी!”, परत लाव. दहा वेळा पाहून झालं तरी उचलण्याआधी करेलिनचे हात कुठे होते, ते एकालाही सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून हे सगळं लिहितोय.

ज्यांना हा पैलवान ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म 19 सप्टेंबर 1967, गाव सायबेरियातलं नोवोसिबिर्स्क. उंची 191 सेंटीमीटर, गट 130 किलो. 1988 सोल, 1992 बार्सिलोना आणि 1996 अटलांटा अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं, आणि 2000 साली सिडनीत रौप्य. जागतिक अजिंक्यपद नऊ वेळा, युरोपियन बारा वेळा. सगळ्या कुस्त्यांचा हिशोब 887 विजय आणि 2 पराभव असा सांगतात. तीन सुवर्णं तीन वेगळ्या झेंड्यांखाली: आधी सोव्हिएत संघ, मग तो फुटल्यावरचा एकत्रित संघ, मग रशिया. देश बदलला, झेंडा बदलला, पण वस्ताद बदलला नाही. तेराव्या वर्षी विक्टर कुझनेत्सोव्ह यांच्या हाताखाली गेला तो शेवटच्या कुस्तीपर्यंत त्यांच्याच हाताखाली राहिला. आमच्याकडे पोरगं दोन स्पर्धा हरलं की घरचे दुसरी तालीम बघायला लागतात. हे मला फार लागतं. म्हणून कुझनेत्सोव्ह यांचं नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो.

आता नियमाचं बोलू. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाने डाव करायचा नाही. म्हणजे पाय धरून किंवा पायाने पाडायचे आपल्या पोरांचे डाव, एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, टांग गेली. लहानपणापासून जे घोटलं त्यातलं अर्धं एका दिवसात कामातून जातं. आपली मातीतली कुस्ती फ्रीस्टाइलला, म्हणजे पाय धरायला मोकळीक असलेल्या प्रकाराला, जवळची. खाशाबा जाधवांचं 1952 चं हेलसिंकीचं कांस्यही फ्रीस्टाइलमधलंच. म्हणून ग्रीको-रोमनकडे आपली पोरं उशिरा येतात आणि बऱ्याचदा मन मारून येतात. त्यांना मी सांगतो, पट गेला म्हणून रडू नका. आता कुस्ती छातीला छाती लावून करायची आहे आणि हातांनी जिंकायची आहे. हात कसे वापरायचे ते या माणसाकडून शिका.

पाहायला बसताना आवाज बंद करा. समालोचक गडी हवेत गेल्यावर ओरडतो, आणि तो ओरडला की डोळा हवेतल्या गड्याकडे जातो. खरी कुस्ती त्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत झालेली असते. मग वेग पाव करा. प्रत्येक कुस्ती तीन वेळा पाहायची. पहिल्यांदा फक्त करेलिनचे हात, दुसऱ्यांदा त्याचे गुडघे आणि कंबर, तिसऱ्यांदा समोरच्याचं तोंड. होय, तोंड. का ते पुढे सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बघा. सगळं एकदम बघायला गेलात तर परत हवेतल्या गड्यावर जाल.

सुरुवात बार्सिलोनाच्या अंतिम कुस्तीपासून करा. समोर स्वीडनचा टोमास योहानसन. कुस्ती दीड मिनिटाच्या आसपास चितपट झाली, त्यामुळे पोरांचा धीर सुटत नाही. हिच्यात फार लिहायला मिळत नाही, पण डोळ्याला सवय लागते. करेलिन खडाखडीत, म्हणजे उभ्याने हातांची झटापट चालते तेव्हा, समोरच्याला मोकळं उभं राहूच देत नाही. एक हात सतत काखेत शिरायला बघतो, दुसरा मनगटावर. गर्दन खेचतानासुद्धा कोपर बाहेर फेकलेलं दिसणार नाही.

आता त्याच्या त्या प्रसिद्ध डावाकडे येऊ. त्याला जगभर ‘करेलिन लिफ्ट’ म्हणतात. रशियन पैलवान या पकडीला ‘उलटा पट्टा’ अशा अर्थाचं नाव देतात आणि मला तेच जास्त आवडतं, कारण त्या नावात डाव कसा बसतो ते आलं. खालचा पैलवान पालथा, पोट गादीला चिकटवून पडलेला. करेलिन त्याच्या बाजूला, पण तोंड त्याच्या पायांकडे. छाती त्याच्या कमरेवर. दोन्ही हात पोटाखालून जाऊन एकमेकांत अडकलेले. याला आम्ही तालमीत कुलूप म्हणतो. कुलूप बसलं की तो खालच्याला गादीवरून सोडवतो, उभा राहतो, आणि मागे कमान करून आपल्या छातीवरून फेकतो. हलक्या वजनात हा डाव लोक करत होते. एकशेतीस किलोच्या गटात, जिथे खालचाही जवळजवळ तेवढाच जड, तिथे दर स्पर्धेत हा डाव मारणारा आधी कोणी पाहिला नव्हता.

एका पावसाळी संध्याकाळी गादी ओली झाली म्हणून मी पोरांना भिंतीकडेला बसवून मोबाइलवर हेच दाखवत होतो. एक म्हणाला, “वस्ताद, पण एवढं वजन उचलायचं कसं?” मी त्याला विचारलं, “तुझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात ना? शंभर किलोचं पोतं ते कसं उचलतात?” पोरगा उठला आणि करून दाखवायला लागला. आधी पोत्याला हिसका देऊन हलवलं. मग आपल्याकडे ओढून मांडीवर घेतलं. मग छातीला लावलं. मग उभा राहिला. मी म्हटलं, “आता परत व्हिडिओ बघ.” त्याने पाहिलं आणि एकदम ओरडला, “वस्ताद, हा पण आधी हलवतोय!”

नेमकं हेच बघायचं आहे. खालचा गडी जड होऊन पडलाय, पोट दाबून धरलंय, कारण पोट आणि गादी यांच्यात बोटभर फट पडली तरी कुलूप आवळणार हे त्याला माहीत आहे. करेलिन सरळ वर ओढत नाही. आधी खांद्याने पुढे ढकलतो, मग आपल्याकडे ओढतो, परत ढकलतो. खालच्याला तोल सांभाळायला कोपर किंवा गुडघा हलवावाच लागतो. तो हलला की पोट क्षणभर सुटतं आणि तेवढ्यात हात आणखी आत जातात. मग करेलिनचा गुडघा जवळ येतो, पोत्याखाली मांडी येते तसा. पाठ अजून वाकलेली असते पण वजन पाठीवर नसतं, ते मांड्यांवर आलेलं असतं. इथून पुढे उचलणं फक्त उभं राहण्याएवढं उरतं. पाव वेगाने पाहिलंत तर ढकल-ओढ दोन-तीनदा मोजता येईल. ती मोजा आणि आकडा लिहा.

आणि आता समोरच्याचं तोंड. कुलूप पूर्ण बसलं की बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर ते कळतं. काहीजण तर फेकलं जाण्यापेक्षा स्वतःच पाठीवर वळायचे, दोन गुण देऊन मान वाचवायची म्हणून. जगज्जेत्यांच्या गटातले पैलवान होते ते, भित्रे नव्हते. ते कुठल्या क्षणी सोडतात ते शोधा. मी पाहिलंय त्याप्रमाणे गादीवरून उचलले जाण्याआधीच सोडतात. बोटं जुळल्यावर.

इथे थांबून एक जबाबदारीची गोष्ट सांगतो. हा डाव पाहिला की त्याच संध्याकाळी करून बघायची खाज येते. काही वर्षांपूर्वी माझ्या तालमीत मी व्हिडिओ दाखवला आणि दुसऱ्या दिवशी दोन पोरांना करून बघू दिला. उचलणाऱ्याने कुलूप अर्धवट बसवलं होतं. वर गेल्यावर ते सुटलं, आणि खालचा पोरगा मानेवर आला. सहा आठवडे पट्टा होता मानेला. पोरगा बरा झाला, पण परत गादीवर आला नाही. त्याच्या आईसमोर मी उभा होतो तेव्हा माझ्याकडे बोलायला शब्द नव्हता. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून माझ्याकडे हा डाव ठरलेल्या पायऱ्यांनीच शिकवला जातो, आणि तुम्हीही वस्ताद समोर असल्याशिवाय करू नका.

पहिले तीन महिने फक्त मान आणि ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून पाठीची कमान. रोज, दोन्ही वेळ. उचलणाऱ्याचीही आणि पडणाऱ्याचीही. डोकं टेकवून नाक गादीला लागेपर्यंत मागे जाता आलं पाहिजे, आणि तिथून हात न लावता वळता आलं पाहिजे. मग डमी, म्हणजे भरलेला बाहुला. डमीवर उलटा पट्टा धरायचा, ढकलायचं, ओढायचं, मांडीवर घ्यायचं, परत खाली ठेवायचं. फेकायचं नाही. यातच महिनाभर जातो आणि पोरं कंटाळतात. कंटाळू द्या. मग जोडीदार, आपल्यापेक्षा आठ-दहा किलो हलका, आणि त्यालाही फक्त गुडघ्यापर्यंत उचलून सावकाश खाली ठेवायचं. उचलणारा उभा राहिला की मी जोडीदाराच्या खांद्याखाली हात धरून उभा असतो. फेकणं सगळ्यात शेवटी, जाड मऊ गादीवर, आणि तेही पडणाऱ्याला हनुवटी छातीला लावून खांद्यावर पडता येत असेल तरच. ज्याला पडता येत नाही त्याला मी उचलू देत नाही, मग तो कितीही ताकदीचा असो.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. करेलिनने अभ्यासही केला. त्याने संशोधनाचा प्रबंध लिहिला तो कमान करून फेकण्याच्या डावावरच्या प्रतिडावांवर. ज्या डावाने जगाला घाबरवलं, तो डाव परतवायचा कसा हे तोच बसून लिहितोय! म्हणून माझ्याकडे उलटा पट्टा शिकायला लागलेला पोरगा त्याच आठवड्यात त्याचा बचावही शिकतो. पोट दाबणं, कोपरं बरगडीला लावणं, कंबर उचलणाऱ्याच्या हातांपासून दूर नेणं, आणि बोटं जुळायच्या आधी त्याचं मनगट धरणं. बोटं जुळल्यावर मनगट धरून उपयोग नाही, हे दोन-चार वेळा वर गेल्यावर पोरांना आपोआप कळतं.

फ्रीजची गोष्ट मात्र विचारू नका, असं म्हणावंसं वाटतं, पण पोरं विचारतातच. करेलिनने फ्रीज उचलून जिन्यावरून आठव्या मजल्यावर नेला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तो मांड्यांपर्यंतच्या बर्फात धावायचा, तळ्यात होडी वल्हवायचा, ओंडके वाहायचा, असंही सांगतात. यातलं आपल्याला करण्यासारखं आहे ते म्हणजे हाताला नीट न बसणारी जड वस्तू छातीला लावून चालणं. बारबेलला दांडा असतो, माणसाला नसतो. वाळूने अर्धं भरलेलं पोतं घ्या, मिठी मारा, तालमीला चार फेऱ्या मारा. पोत्यातली वाळू सरकते, पकड सारखी बदलावी लागते, आणि पुढचा हात भरून येतो. जोर-बैठका आपल्या आहेतच, त्या सोडायच्या नाहीत.

दुसरी कुस्ती 1988 ची, सोलची अंतिम. समोर बल्गेरियाचा रांगेल गेरोव्स्की. करेलिन तेव्हा एकवीस वर्षांचा, आणि सोव्हिएत संघाचा झेंडा उद्घाटनाला त्यानेच धरला होता. ही कुस्ती पाहताना आदल्या वर्षाची गोष्ट डोक्यात ठेवा. 1987 मध्ये सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत तो इगोर रोस्तोरोत्स्कीकडून हरला होता. रोस्तोरोत्स्की त्या वेळचा जगज्जेता. एवढा मोठा देश, आणि एका गटात ऑलिंपिकला एकच माणूस जाणार. म्हणजे सोलला जायचं तर आधी घरातला जगज्जेता हरवायला हवा होता. 1988 मध्ये त्याने त्याला हरवलं आणि मगच सोलचं विमान पकडलं.

अंतिम कुस्तीत करेलिन मागे होता. वेळ संपत आली होती. शेवटच्या काही सेकंदांत त्याला उलटा पट्टा बसला आणि कुस्ती 5–3 अशी मारली. पोरं हा शेवट पाहून टाळ्या वाजवतात. मी त्यांना त्याच्या आधीची मिनिटं पाहायला लावतो. आधी जिथे डाव बसला नाही, तिथे हात का बसले नाहीत? कितव्यांदा प्रयत्न केला? पकड सुटली की तो परत तिथेच, त्याच बाजूने जातो. मागे आहे म्हणून घाईने दुसरा काही डाव काढत नाही. आमची पोरं गुणात मागे पडली की तीस सेकंदांत पाच डाव बदलतात आणि एकही पुरा करत नाहीत. वहीत लिहा: शेवटच्या मिनिटात त्याने किती वेगळे डाव धरले.

1996 ची अटलांटाची अंतिम कुस्ती शांतपणे पाहायची आहे. त्या वर्षीच्या युरोपियन स्पर्धेत करेलिनच्या छातीचा स्नायू फाटला होता आणि शस्त्रक्रिया झाली होती. काही महिन्यांत ऑलिंपिक. समोर अमेरिकेचा मॅट घफारी, मूळचा इराणचा, जो त्याच्याकडून अनेकदा हरलेला होता आणि या वेळी जिवावर उदार होऊन लढला. निकाल 1–0. उचलून फेकणं नाही, धूमधडाका नाही. पोरांना ही कुस्ती कंटाळवाणी वाटते, आणि मला सगळ्यात आवडते. छाती फाटलेला माणूस उचलू शकत नाही तेव्हा तो काय करतो ते इथे दिसतं. काखेतला हात, मनगट, डोक्याची जागा, आणि समोरच्याला कायम एक पाऊल मागे ठेवणं. दुखापतीतून परत येणाऱ्या पोराला मी ही कुस्ती एकट्याला दाखवतो, बाकीचे नसताना. कुस्ती संपल्यावर घफारी रडला. ते व्हिडिओत असेल तर तेही पाहा, पुढे सरकवू नका.

नियमांबद्दल एक सूचना, नाहीतर गोंधळ होईल. त्या काळचे गुण आणि आजचे गुण वेगळे आहेत. आज आठ गुणांच्या फरकाने कुस्ती संपते, मोठ्या फेकीला चार किंवा पाच गुण मिळतात, आणि नुसतं धरून उभं राहणाऱ्याला पंच निष्क्रिय ठरवतात. म्हणून जुन्या कुस्त्यांतले गुण मोजत बसू नका. पकड मोजा.

शेवटच्या दोन कुस्त्या जोडीने पाहायच्या. दोन्हीत समोर अमेरिकेचा रुलन गार्डनर, वायोमिंगमध्ये दुभत्या गायींच्या शेतावर वाढलेला गडी. पहिली 1997 च्या जागतिक स्पर्धेतली, जी करेलिनने 5–0 अशी घेतली. दुसरी 27 सप्टेंबर 2000, सिडनी. तोपर्यंत करेलिन तेरा वर्षं हरला नव्हता. पदक द्यायला ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच स्वतः येऊन बसले होते. चौथं सुवर्ण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

1997 च्या कुस्तीत गार्डनर खाली असताना त्याची कंबर आणि कोपरं कुठे आहेत ते लिहा. मग 2000 ची लावा आणि तेच परत लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवली की तीन वर्षांत त्या माणसाने काय काम केलं ते कळतं. सिडनीत पहिल्या फेरीत करेलिनला त्याला उचलता आलं नाही. गुण शून्य-शून्य. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मग दुसरी फेरी मिठीत सुरू झाली: दोघांनी छातीला छाती लावून एकमेकांच्या पाठीमागे हात बांधायचे, आणि डाव न करता ज्याचे हात आधी सुटतील त्याच्याविरुद्ध एक गुण. करेलिन पकड बदलायला गेला आणि त्याचे हात सुटले. क्षणभरच. पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि गुण गार्डनरला दिला. त्यानंतर उरलेला वेळ आणि जादा वेळ, दोन्हीत करेलिनला तो गुण परत मिळवता आला नाही. शेवटचे काही सेकंद राहिले असताना तो थांबला. हात खाली आले. 1–0.

मी ही कुस्ती किती वेळा पाहिली असेल ते मोजलेलं नाही. दरवेळी तो क्षण आला की छातीत धस्स होतं. ज्या माणसाची सगळी कुस्ती हातांच्या कुलपावर उभी होती, तो तेहतिसाव्या वर्षी त्याच कुलपावर हरला.

इथे व्हिडिओ थांबवा. हात सुटतात त्याच्या आधीची तीन सेकंदं एक-एक चित्र करत मागे न्या. वहीत लिहा: त्याचे हात कुठल्या उंचीवर होते, बरगडीवर की त्याच्या खाली? दोघांच्या छातीत जागा होती का? गार्डनरची कंबर जवळ होती की मागे? पकड बदलायला गेला तेव्हा कुठला खांदा आधी हलला? उत्तरं चुकली तरी चालतील. माझ्याकडे पोरांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग अर्धा तास वाद होतो. तो वाद होऊ द्यावा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मेहनतीच्या आधी, हे करा. सारख्या वजनाची जोडी लावायची. छातीला छाती, एक हात काखेखालून, एक हात वरून, पाठीमागे कुलूप. बोटांत बोटं अडकवायची नाहीत, मोडतात. तळव्यावर तळवा, अंगठे बाहेर. शिट्टी झाली की दोघांनी हलायचं, ढकलायचं, फिरवायचं, पण कोणी कोणाला पाडायचं नाही. फक्त कुलूप टिकवायचं. मी शेजारी घड्याळ घेऊन उभा असतो. नव्या पोराचे हात पहिल्या दिवशी बहुतेक मिनिटाच्या आत सुटतात. ज्याचे सुटले त्याने स्वतः वहीत तारीख आणि सेकंद लिहायचे, मग पाणी प्यायचं, आणि परत उभं राहायचं. अशा पाच फेऱ्या. महिनाभर रोज.